आठ मार्चचं शुभेच्छापत्र

जर्मनीत, इस्रायलमध्ये, अमेरिकेत वाढणारी रशियनभाषक घरांतली मुलं आजीशी फोनवर भरभरून बोलतात, पण चार ओळी लिहायला सांगा, पेन अडतं. सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या रशियन वर्गांच्या मदतीला तेव्हा आठ मार्च, म्हणजे महिला दिन, येतो. आईला आणि ‘बाबुश्का’ला, म्हणजे आजीला, स्वतः केलेलं शुभेच्छापत्र द्यायचं असतं आणि त्यातला मजकूर जवळजवळ ठरलेला असतो.

त्या दोन ओळींत व्याकरणाचा अर्धा तास मावतो. जिचं अभिनंदन करायचं ती द्वितीयेत जाते: ‘मामा’ची ‘मामु’, ‘बाबुश्का’ची ‘बाबुश्कु’. ज्या सणानिमित्त करायचं तो तृतीयेत. जे चिंतायचं, आरोग्य, सुख, ते षष्ठीत. तारीख तर खास खोडकर. ‘आठवा’ तृतीयेत बदलतो, पण ‘मार्ता’ षष्ठीतच राहतो. मुलं तोही बदलतात, आणि रशियातली मोठी माणसंही याच जागी चुकतात. विभक्तीचे तक्ते घोकलेल्या मराठी वाचकाला हे दुःख समजेल.

सोबत पाठ केलेली कविता हवीच. रशियन शब्दात आघात कुठे द्यायचा हे छापलेल्या मजकुरात सहसा दाखवत नाहीत, आणि रूप बदललं की तो जागाही बदलतो. कवितेच्या तालात तो आपोआप जिभेवर बसतो. बालवाडीतल्या ‘उत्रेन्निक’ या सकाळच्या कार्यक्रमात आयांसमोर कविता म्हणण्याची रीत म्हणूनच मला नुसती हौस वाटत नाही.

रीतिरिवाजही शिकवावे लागतात. फुलं विषम संख्येत द्यायची. सम संख्या अंत्यविधीची. पिवळी ‘मिमोझा’ या दिवसाची खूण, ती मुळात ऑस्ट्रेलियातली बाभूळ. काळ्या समुद्राकाठी ती याच सुमारास फुलते.

इतिहास मात्र बहुतेकदा फुलांखाली झाकला जातो. 1917 साली याच दिवशी पेत्रोग्रादच्या कापडगिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी संपावर गेल्या आणि आठवड्याभरात झार निकोलाय दुसरा पायउतार झाला. सुट्टी मिळू लागली ती 1966 पासून. दहा वर्षांच्या मुलांना हे सांगायला हरकत नाही, शिवाय 13 दिवसांचा हिशेबही करून घेता येतो: रशियात तेव्हा चालणाऱ्या जुन्या पंचांगात संपाची तारीख होती 23 फेब्रुवारी, आणि आजच्या रशियात 23 फेब्रुवारीला वर्गातल्या मुली मुलग्यांना भेटी देतात, कारण तो पुरुषांचा दिवस.