टाचेची तक्रार आणि भरतीची धाव

पहाटे पाचच्या सुमारास परभणीहून जिंतूर, गंगाखेड किंवा वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. अंधार पुरता सरलेला नसतो आणि डांबरी रस्त्याच्या कडेने तरुणांच्या लहान लहान टोळ्या धावत असतात. त्यांत शेतकऱ्यांची मुले असतात, दिवसा मोंढ्यात पोती उचलणारी असतात, पदवी घेऊन घरी बसलेलीही असतात. अलीकडे मुलीही दिसू लागल्या आहेत. ही धाव हौसेची नव्हे, नोकरीची आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात आणि त्यांपैकी २० एकट्या लांब धावेचे असतात. मुलांनी १६०० मीटरचे अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत कापले, तर पूर्ण गुण मिळतात. मुलींसाठी हे अंतर ८०० मीटर आहे. मैदानी चाचणीत निम्मे गुण पडल्याशिवाय लेखी परीक्षेचे दार उघडत नाही.

या टोळ्यांतून काही आठवड्यांनी एखादा मुलगा दिसेनासा होतो. चौकशी केली तर उत्तर ठरलेले असते: त्याची टाच धरली आहे. कोणी त्याला नशिबाचा फेरा म्हणतो, कोणी अंगचोरपणा. वस्तुतः ती या दोहोंपैकी काहीच नाही. टाचेचे हे दुखणे घाईची किंमत आहे, आणि ही घाई बहुतेक वेळा त्या मुलाने स्वतः पत्करलेली नसते.

रहाटाची दोरी

टाचेच्या हाडापासून पायाच्या बोटांपर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा गेलेला असतो. पायाची कमान त्याच्या आधाराने उभी राहते. पाऊल उचलताना अंगठा वर वळतो तेव्हा रहाटावर दोरी गुंडाळली जावी तसा हा पट्टा ताणला जातो आणि कमान वर उचलली जाते. जे. एच. हिक्स या संशोधकाने १९५४ साली हीच उपमा देऊन पायाची ही रचना स्पष्ट केली. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार पायावर येतो. साठ किलो वजनाच्या मुलाच्या एका पायावर दर खेपेस सव्वाशे ते पावणेदोनशे किलोंचा भार पडतो, आणि १६०० मीटरच्या एका धावेत तो प्रत्येक पायावर शेकडो वेळा पडतो.

निरोगी पायाला हे झेपते, कारण विश्रांतीच्या काळात झालेली झीज भरून निघते. झीज रोजची आणि भरपाई अपुरी, असे झाले की पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथे दुखू लागतो. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल टाचेत खिळा रुतावा तसे लागते, थोडे चालल्यावर वेदना कमी होते आणि संध्याकाळी ती पुन्हा डोके वर काढते. डॉक्टर याला प्लान्टर फॅशिआयटिस म्हणतात. वर्गात तासन्‌तास उभे राहणाऱ्या शिक्षकांनाही हे दुखणे अपरिचित नाही. नावावरून ही सूज वाटली, तरी जुनाट दुखण्यात सुजेपेक्षा झीजच अधिक आढळते. म्हणूनच वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा धावत सुटणे म्हणजे कर्ज काढून व्याज फेडण्यासारखे आहे: आजचा दिवस निभावतो, मुद्दल मात्र वाढतच राहते.

घाई कोठून येते?

परभणीच्या काळ्या जमिनीचा यात थोडा वाटा आहे. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात; राहतो तो कठीण डांबरी रस्ता. पोटऱ्या आखडलेल्या असतात, बुटांचे तळ बसलेले असतात, आणि पहाटे धावून आलेला मुलगा दिवसभर चपलांवर उभा राहून काम करतो. म्हणजे विश्रांतीही पुरी नाही.

तथापि मुख्य कारण वेगळेच आहे. भरतीला निश्चित वेळापत्रक नाही. २०१९ साली जाहीर झालेली पोलीस भरती प्रत्यक्षात २०२१ मध्ये पार पडली. तिला महासाथीचे निमित्त होते हे खरे. २०२४ ची मैदानी चाचणी १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. जागा १७,४७१ आणि अर्ज सतरा लाखांवर होते. एका जागेमागे सुमारे शंभर उमेदवार असतील आणि खुल्या गटाची वयोमर्यादा २८ वर्षांवर संपत असेल, तर जाहिरात निघताच महिनोन्‌महिने न धावलेली मुले एकदम रोज सात-आठ किलोमीटर धावू लागतात, यात नवल ते काय! शेतकरी गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी हलके औत, मग जड. जनावराच्या बाबतीत पाळला जाणारा हा विवेक माणसाच्या पायाच्या वाट्याला येत नाही.

उपाय साधे, पण चिकाटीचे

घरोघरी चालणारे उपाय सगळेच टाकाऊ नाहीत. तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकल्याने तात्पुरते बरे वाटते. बिब्बा घालण्याने मात्र कातडी भाजते आणि मूळ दुखणे तसेच राहते. क्ष-किरण चित्रात हाडाचा काटा दिसला की मुले हबकतात. पण असा काटा टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या पायांतही असतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, परंतु त्याने क्वचित पट्टा फाटण्याचाही धोका असतो.

खरा उपाय भार कमी करून तो पायरीपायरीने वाढविण्याचा आहे. डेन्मार्कमधील मायकेल रॅथलेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील व्यायामाला फक्त एक पायरी आणि एक पंचा लागतो. पंच्याची गुंडाळी बोटांखाली ठेवून एका पायावर तीन सेकंदांत टाच वर उचलायची, दोन सेकंद थांबायचे आणि तीन सेकंदांत खाली यायचे. हे एक दिवसाआड करायचे आणि झेपेल तसे पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवायचे. तीन महिन्यांनंतर या गटाची प्रगती केवळ ताण देणाऱ्या गटापेक्षा चांगली दिसली. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळजवळ बरोबरीला आले. म्हणजे साध्या ताणानेही गुण येतो, तो उशिरा येतो इतकेच. मात्र टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तीव्र कळ येत असेल, स्वस्थ पडल्यावरही दुखत असेल किंवा तळव्याला बधिरपणा आला असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची वा नस दबल्याची शक्यता धरून डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

परभणीच्या मातीत धावपटू घडत नाहीत असे कोणी म्हणू नये. याच शहराच्या ज्योती गवते यांनी २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला, तोही बेचाळीस किलोमीटरचे अंतर तीन तासांच्या आत कापून. अशी ताकद जाहिरातीनंतरच्या दोन महिन्यांत कमावता येत नाही. ती वर्षांच्या साठवणीतून येते.

ही साठवण करण्याची संधी गरीब घरच्या मुलालाही मिळाली पाहिजे. त्यासाठी शासनाने भरतीचा महिना वर्षभर आधी जाहीर करावा; याला फारसा खर्च नाही. तालुक्याच्या गावांतील शाळा-महाविद्यालयांनी आपल्या मैदानाचे फाटक पहाटे उघडावे, म्हणजे मुलींनाही अंधारात रस्त्यावर धावावे लागणार नाही. क्रीडाशिक्षकांनी घड्याळ दाखविण्याआधी भार वाढविण्याची रीत शिकवावी. पायदुखीमुळे गेलेले २० गुण कोणत्याही हिशेबवहीत नोंदले जात नाहीत. पण कुटुंबाची एक आशा त्यांच्याबरोबर जाते, आणि वयाची मर्यादा ओलांडलेल्याला ती पुन्हा मिळत नाही.