दोन्ही ब्रँच हिरव्या, तरी आकडा चुकला

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी गाईडना एक आलेख दाखवला. त्यांनी विचारलं, "अचूकता 0.9 टक्के?" मी गप्प. आदल्या आठवड्यात ती 90 टक्के होती!

झालं असं होतं. एका ब्रँचमध्ये मी अचूकता काढणारं फंक्शन बदललं. आधी ते टक्के द्यायचं, आता 0 ते 1 मधला आकडा द्यायला लागलं. आलेखाची ब्रँच त्याआधीच फुटली होती आणि तिथली नवी फाइल टक्केच धरून चालली होती. दोन्हीकडे टेस्ट पास. फाइली वेगळ्या, म्हणून गिटने मर्जही निमूटपणे केलं. गिट ओळी जुळवतं, त्यांचा अर्थ त्याला कळत नाही.

म्हणून प्रत्येक ब्रँच वेगळी तपासून भागत नाही. मर्ज झाल्यावर जो कोड तयार होईल, तो तपासायला हवा. हे काम रोज हाताने कोण करणार? त्यासाठीच ऑटोमॅटिक पाइपलाइन.

गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये पाइपलाइन म्हणजे रिपॉझिटरीत ठेवलेली एक यामल फाइल. ती कधी चालवायची, हे आपण सांगतो. 'पुश' लिहिलं तर तुमच्या ब्रँचचा शेवटचा कमिट तपासला जातो. 'पुल रिक्वेस्ट' लिहिलं तर गिटहब तुमची ब्रँच आणि मेन यांचा तात्पुरता मर्ज करून तो तपासतं. माझ्याकडे फक्त पुश होतं. गोम तिथेच होती.

तरी एक फट उरते. तुमची टिक हिरवी झाल्यावर मेन पुढे सरकली, तर ती टिक शिळी होते. त्यासाठी मेनच्या ब्रँच प्रोटेक्शनमध्ये दोन गोष्टी चालू करा: टेस्ट पास झाल्याशिवाय मर्ज नाही, आणि ब्रँच मेनशी अद्ययावत असल्याशिवाय मर्ज नाही.

अजून तीन खाचखळगे, म्हणजे तुमचा वेळ वाचेल:

1. पुशच्या वेळी पाइपलाइनची फाइल त्या त्या ब्रँचमधलीच वापरली जाते. मेनमध्ये दुरुस्ती केली म्हणून जुनी ब्रँच आपोआप सुधारत नाही. (जेन्किन्सच्या मल्टिब्रँच पाइपलाइनमध्येही प्रत्येक ब्रँचची जेन्किन्सफाइल स्वतःची असते.)
2. वेळापत्रकानुसार चालणारी पाइपलाइन फक्त डीफॉल्ट ब्रँचवर चालते.
3. पायथनची आवृत्ती 3.10 अवतरणात लिहा. नाहीतर यामल तिला संख्या समजून 3.1 करतं.

आणि पाइपलाइन म्हणजे जादू नव्हे. ज्याची टेस्ट लिहिली आहे, तेवढंच ती पकडते. म्हणून मी आता वीस ओळींचा छोटा डेटा रिपॉझिटरीतच ठेवतो. त्याचं उत्तर हाताने काढलेलं आहे. डेटा वाचण्यापासून आलेखात जाणाऱ्या आकड्यापर्यंतचा सगळा कोड त्यावर चालतो आणि उत्तर जुळलं नाही तर मर्ज अडतो. 90 च्या जागी 0.9 आलं असतं, तर गाईडच्या आधी मलाच कळलं असतं.

तुमचा प्रोजेक्ट आज कितीही लहान असू दे, एवढी एक टेस्ट आणि ती एक यामल फाइल पहिल्याच आठवड्यात टाका. पेपर पाठवायच्या आदल्या रात्री हे सगळं उभं करायला बसलात, तर आधीचे कुठले आकडे खरे होते हे शोधण्यातच रात्र जाईल. माझी गेली आहे.