नौकांची हिवाळी शाकारणी : शत्रू थंडी नव्हे, उरलेले पाणी

अमेरिकेतील शिकागो शहरात सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, साधारणतः बुधवारी आणि शनिवारी, एक वेगळे दृश्य पाहावयास मिळते. शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या शिकागो नदीवरील पूल मधोमध दुभंगून एकामागून एक वर उचलले जातात. दोन्ही बाजूंची वाहने थांबतात आणि उंच डोलकाठ्यांच्या शिडाच्या नौका रांगेने शहराच्या आतील भागाकडे जातात. मिशिगन सरोवरातील नौकानयनाचा हंगाम संपलेला असतो आणि या नौका नदीकाठच्या यार्डांमध्ये हिवाळा काढण्यासाठी निघालेल्या असतात. पुढील साधारण सहा महिने त्या जमिनीवर, आधारांवर उभ्या राहतात.

या नौका केवळ फेरफटक्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान होड्या नव्हेत. नऊ ते बारा मीटर लांबीच्या अशा नौकेत झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, शौचालय, पिण्याच्या पाण्याची टाकी, पाणी तापविण्याचे यंत्र आणि डिझेल इंजिन असते. एका छोट्या घराची नळव्यवस्था त्यात सामावलेली असते, आणि हिवाळ्यातील सर्व अडचणींचे मूळ या नळांमध्येच आहे. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला होता. एवढ्या थंडीचा फायबरग्लासच्या कोरड्या सांगाड्यावर फारसा परिणाम होत नाही. आत राहिलेल्या पाण्यावर मात्र होतो.

नौकेला हिवाळ्यासाठी सज्ज करण्याच्या या कामाला इंग्रजीत स्वतंत्र क्रियापद आहे. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही, कारण कोकण किनाऱ्यावर ‘होडी शाकारणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून त्या झापांनी, आणि हल्ली ताडपत्रीने किंवा प्लास्टिकच्या कापडाने, झाकल्या जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि त्या काळात या होड्या शाकारलेल्याच राहतात. दोन्हीकडील हेतू एकच असला तरी कामाची दिशा उलटी आहे. कोकणात वरून पडणारे पाणी आत येऊ द्यावयाचे नसते, तर शिकागोत आत असलेले पाणी पूर्णपणे बाहेर काढावयाचे असते.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बंद जागेत अडकलेल्या पाण्याला प्रसरणासाठी वाव मिळाला नाही, तर त्यातून निर्माण होणारा दाब पितळेची झडप, पंपाचे कवच किंवा इंजिनाचे बिडाचे ठोकळेही तडकवू शकतो. त्यासाठी टाकीभर पाणी लागत नाही. नळाच्या एखाद्या खोलगट वळणात साचलेले पेलाभर पाणी पुरेसे ठरते.

या नुकसानीचा खरा धोका असा की, ते घडते त्या वेळी दिसत नाही. जानेवारीत झडप तडकली तरी तडा बर्फानेच बुजलेला असतो. वसंतात बर्फ वितळून निघून जातो आणि कोरड्या जमिनीवरील नौका बाहेरून पूर्ववत दिसते. ती पाण्यात उतरविल्यानंतरच गळती सुरू होते. अडीच सेंटिमीटर व्यासाचे छिद्र पाण्याच्या पातळीखाली अर्धा मीटर असेल, तर साध्या गणितानुसार त्यातून मिनिटाला पन्नासहून अधिक लिटर पाणी आत शिरते. दुपारी नौका धक्क्याला बांधून मालक घरी गेला, तर सकाळपर्यंत काय होऊ शकते, याची कल्पना यावरून करता येईल. हिवाळ्यातील दुर्लक्षामुळे नौका बुडते ती अनेकदा वसंतात, आणि तीही शांत पाण्यात, धक्क्यालगत.

त्यामुळे सज्जतेचा प्रारंभ इंजिनापासून केला जातो. नौकेचे इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचे पाणी आत ओढले जाते. तळाच्या झडपेतून ते गाळणीत येते, तेथून पंपाद्वारे पुढे जाऊन अखेर धुराच्या नळावाटे बाहेर पडते. या मार्गातील प्रत्येक टप्प्यावर पाणी शिल्लक राहू शकते. गाळणीचे पारदर्शक भांडे आणि त्याखालील झडप या सर्वांत आधी तडकणाऱ्या जागांपैकी होत. प्रथम इंजिन चालवून गरम केले जाते आणि ऑईल बदलले जाते. जुन्या ऑईलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले असतात व ती सहा महिने आतील भाग खात राहतात. म्हणून हे काम वसंतापर्यंत लांबणीवर टाकण्यात काटकसर नाही. त्यानंतर पाण्याचा मार्ग रिकामा करून बाहेरच्या पाण्याऐवजी अँटिफ्रीझ द्रव आत ओढू दिला जातो. धुराच्या नळातून त्याचा गुलाबी रंग स्पष्ट दिसेपर्यंत इंजिन चालू ठेवले जाते. काही इंजिनांमध्ये बाहेरचे पाणी थेट ठोकळ्यातून फिरते. तेथे इंजिन पुरेसे गरम नसेल, तर थर्मोस्टॅट बंद राहतो आणि अँटिफ्रीझ ठोकळ्यापर्यंत पोहोचतच नाही. नळातून गुलाबी द्रव बाहेर आला म्हणून मालक निर्धास्त होतो. पाणी मात्र आत तसेच असते. अशा इंजिनातील पाणी तळाचे बूच उघडून काढणे हाच भरवशाचा उपाय आहे.

अँटिफ्रीझच्या निवडीतही गफलत होते. मोटारीच्या रेडिएटरमधील द्रव बहुधा एथिलीन ग्लायकॉलचा असतो. तो विषारी असल्याने पिण्याच्या पाण्याच्या नळांत किंवा बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यात वापरता येत नाही. नौकांसाठीचा गुलाबी द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असून तो तुलनेने बराच निरुपद्रवी असतो. त्याच्या डब्यावर ‘उणे ५०’ असा आकडा ठळकपणे छापलेला आढळतो. हा आकडा फॅरनहाइटमधील आहे, म्हणजे सुमारे उणे ४५ अंश सेल्सिअस. शिवाय तो द्रव गोठण्याचा बिंदू नसून, नळ फुटण्यापासून संरक्षण मिळेल अशी मर्यादा आहे. हा द्रव त्याहून बऱ्याच कमी थंडीत घट्ट होऊ लागतो. मात्र कठीण बर्फाऐवजी मऊ लगदा बनत असल्याने नळ सुरक्षित राहतात. त्यात आधीचे पाणी मिसळले तर हे संरक्षण झपाट्याने घटते. म्हणूनच आधी पाणी काढणे आणि नंतर द्रव भरणे, हा क्रम बदलता येत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, नळ, पंप, पाणी तापविण्याचे यंत्र आणि शौचालय यांनाही हाच न्याय लागू आहे. तळातील झडपा मात्र स्वतंत्र उल्लेखास पात्र आहेत. आतील गोळा फिरवून उघडणारी झडप बंद केली की, गोळ्याच्या पोकळीत थोडे पाणी कोंडले जाते. नौका जमिनीवर आल्यावर अशा झडपा उघड्या ठेवून ते पाणी निथळू द्यावे लागते. नौका पाण्यातच राहणार असेल, तर झडपा बंद ठेवाव्या लागतात आणि कोंडलेल्या पाण्याची वेगळी व्यवस्था करावी लागते.

डिझेलची टाकी जवळजवळ पूर्ण भरून ठेवण्याची पद्धत आहे. रिकाम्या जागेतील दमट हवेमुळे टाकीच्या भिंतींवर पाण्याचे थेंब जमतात आणि त्या पाण्यात डिझेल खराब करणारे सूक्ष्म जंतू वाढतात. बॅटरीची गोष्ट काहीशी अनपेक्षित आहे. पूर्ण चार्ज असलेली शिसे-आम्ल बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही, परंतु पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या आसपासच गोठून फुटू शकते. थंडीपासून बॅटरीचे संरक्षण करणारी वस्तू म्हणजे तिच्यातील चार्जच होय.

शिडे उतरवून गोड्या पाण्याने धुतली जातात आणि पूर्ण वाळल्यावरच घडी केली जातात. ओलसर शिडांवर बुरशी धरते, आणि कोपऱ्यात टाकलेल्या शिडांत उंदीर आनंदाने घरटी करतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांच्या टोकांवरील धातूच्या नळ्यांत पाणी शिरून गोठले, तर त्या उभ्या चिरतात. सुकाणूच्या पोकळीतही पाणी मुरते. म्हणून काही मालक त्याच्या तळाशी लहानसे छिद्र पाडून ते निथळू देतात व वसंतात ते पुन्हा बुजवतात.

यार्डात नौकेचे बहुतेक वजन तळाच्या जड कण्यावर पेललेले असते. बाजूचे लोखंडी आधार तिला केवळ कलंडू देत नाहीत. समोरासमोरचे आधार साखळीने एकमेकांना जोडले जातात, अन्यथा ओल्या, भुसभुशीत जमिनीत ते हळूहळू बाहेर सरकतात. येथे एक चूक वारंवार घडते. नौकेवर टाकलेल्या ताडपत्रीची दोरी जवळच्या आधाराला बांधली जाते. वादळी वाऱ्यात ताडपत्री फडफडते, आधाराला हिसके बसतात, तो निसटतो आणि कित्येक टनांची नौका शेजारच्या नौकेवर कोसळते. दोरी नौकेच्या पोटाखालून पलीकडे नेऊन बांधावयाची असते. ताडपत्रीखाली हवा खेळती राहील याचीही काळजी घ्यावी लागते. डेकवरील पाणी वाहून नेणारी छिद्रे पानांनी तुंबली, तर साचलेले पाणी केबिनमध्ये उतरते आणि एवढी मेहनत करून कोरडी केलेली नौका पुन्हा ओली होते.

सर्वच नौका जमिनीवर येत नाहीत. काही बंदरांत त्या पाण्यातच ठेवून भोवतालचे पाणी बुडबुड्यांनी किंवा पंख्यांनी हलते ठेवले जाते, जेणेकरून तळाचे किंचित उबदार पाणी वर येऊन बर्फ धरू नये. मात्र ही यंत्रणा विजेवर चालते आणि हिमवादळात सर्वप्रथम वीजच खंडित होते, हे लक्षात घेता जमीनच अधिक सुरक्षित म्हणावी लागेल.

वसंतात क्रेनच्या पट्ट्यांत तोललेली नौका पाण्यात टेकविली जाते, परंतु पट्टे लगेच सोडले जात नाहीत. मालक विजेरी घेऊन आत उतरतो आणि प्रत्येक झडप, गाळणी व नळाचा सांधा हाताने चाचपून पाहतो. बोटांना ओल लागली, तर क्रेन नौकेला पुन्हा वर उचलते. सर्व कोरडे असेल, तर पट्टे सुटतात आणि नौका पुन्हा नदीत रांगेला लागते. सरोवराकडे जाण्यासाठी पूल पुन्हा उचलले जातात, त्याच बुधवारी किंवा शनिवारी.