उभ्या विमानाचे तेल

सेसना १७२ सारख्या छोट्या विमानाच्या इंजिनात कोणते तेल घालावे, हा प्रश्न निघाला की बोलणे लगेच डबा कोणत्या कंपनीचा यावर जाते. त्याआधी लॉगबुक उघडून दोन उड्डाणांमध्ये ते विमान किती दिवस उभे राहते, हे पाहायला हवे. लायकॉमिंगच्या ओ-३६० सारख्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन थांबले की त्याच्यावरचे तेल हळूहळू निथळते, आणि ज्वलनातून क्रँककेसमध्ये शिरलेली वाफ उघड्या पडलेल्या पोलादावर पाणी होऊन बसते. कोकणातल्या पावसाळ्यात तर बाहेरची हवाही ओली आणि खारी. गंजाने खड्डे पडलेला टॅपेट पुढे कॅमचे उंचवटे खरवडत राहतो. फिल्टर कापून घड्या उलगडल्या की ते लोखंड चुंबकाला चिकटते.

म्हणून क्वचित उडणाऱ्या विमानासाठी मी सिंगल ग्रेड एसएई ५०, म्हणजे डब्ल्यू १००, निवडेन. गार झाल्यावर ते दाट होते आणि धातूला जास्त काळ धरून राहते. मल्टिग्रेडचा मोठा फायदा गारठ्यात इंजिन सुरू करताना. लायकॉमिंग एसएई ५० सुमारे १६ अंश सेल्सिअसच्या वर वापरायला सांगते. नागपुरातली डिसेंबरची पहाट त्याखाली जाते, तिथे १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० घ्यावे, हट्ट धरू नये. गंजरोधक द्रव्ये मल्टिग्रेडमध्येही मिळतात, हा आक्षेप रास्त आहे. पण डब्ल्यू १०० प्लसमध्येही ती असतात, शिवाय दाटपणा राहतो. मोटारीला उत्तम ठरणारे पूर्ण सिंथेटिक तेल इथे का नको? कारण १००एलएल पेट्रोलच्या लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असते आणि त्याचा गाळ सिंथेटिक तेलाला नीट पेलत नाही. मोबिलचे एव्ही १ याच कारणाने बाजारातून गेले. मोटारीच्या तेलातली धातुयुक्त द्रव्ये तर जळून राख धरतात आणि ती तापून मिश्रण वेळेआधी पेटवू शकते.

रोज उडणाऱ्या प्रशिक्षण विमानाला माझा हा आग्रह फारसा लागू नाही. तिथे ५० तास किंवा चार महिने, जे आधी होईल तेव्हा तेल बदलणे ग्रेडपेक्षा महत्त्वाचे. उभ्या विमानाचे इंजिन मात्र जमिनीवर दहा मिनिटे फिरवून कोणी समाधान मानू नये: तेवढ्यात पाणी तयार होते, पण तेल ते उडवून लावण्याइतके तापत नाही. त्यासाठी विमान उडवावे लागते, आणि तेलाचा काटा ८० अंशांच्या वर अर्धा तास तरी टिकावा लागतो.