मोटारीची रोजकीर्द

भुसार बाजारातील तेजीमंदीवर मी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. त्या विषयात मजहून अधिकारी मंडळी आपल्या संघात आहेत. मला मात्र माझ्या हातून घडलेली एक चूक व्यापारी बंधूंपुढे मांडावयाची आहे. ती मोटारीसंबंधी आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी आज मोटार असून अनेकांनी चालकही ठेवला आहे, तेव्हा हा विषय केवळ माझ्या घरचा मानू नये.

२०२१ साली मी डिझेलवर चालणारी गाडी घेतली. आधीची गाडी पंधरा वर्षे चालली होती, त्यामुळे मोटारीतले आपणांस कळते असा माझा पक्का समज. घर टिळकवाडीत, पेढी रविवार पेठेत. सकाळी पेढीवर, दुपारी जेवणास घरी, पुन्हा पेढीवर, सायंकाळी परत. एका फेरीस तीन-चार किलोमीटर अंतर, तेही गर्दीतून. बाहेरगावी जाण्याचा योग महिन्या-दोन महिन्यांनी. चालक आमच्याकडे अकरा वर्षांपासूनचा.

दुसऱ्या वर्षाअखेर हिशेब पाहता डिझेलचा खर्च वाढलेला दिसला. लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी नऊवर आली होती. कोठारात घट आली की आपण आधी उंदीर पाहतो, पोत्याची शिवण पाहतो, काटा तपासतो. माणसावर शेवटी येतो. येथे मी थेट माणसावर गेलो. त्याच सुमारास चालक मला म्हणाला, "मालक, इंजिनातलं तेल वाढलंय बघा. काडीवर खुणेच्या वर दिसतंय." तेल जळून कमी होते, ते वाढेल कसे, असे म्हणून मी हसलो, आणि मनातला संशय दुणावला. मी त्यास चोर म्हटले नाही. परंतु दिवाळीच्या बक्षिसात हात आखडता घेतला, आणि डिझेल भरताना धाकट्या मुलास सोबत धाडू लागलो. त्याला ते कळले असणारच. तो काही बोलला नाही.

पुढे समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागला. एका कारखान्यात तो दिवा विझवून देऊन पैसे घेतले. आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर. मग दुसरीकडे एका तरुण कारागिराने सुकाणूखालच्या सोळा टाचण्यांच्या खोबणीस यंत्र जोडले आणि कागदच छापून हाती दिला.

आपल्याकडील मोटारींत ही दोषनोंदीची व्यवस्था, जिला ओबीडी म्हणतात, तिचा दुसरा टप्पा २०१३ च्या एप्रिलपासून आला. इंजिनाचा संगणक दोष आढळताच त्याचा सांकेतिक क्रमांक लिहून ठेवतो, आणि त्या क्षणीची स्थितीही टिपतो: वेग किती, फेरे किती, इंजिनातील पाणी किती तापलेले, गाडी सुरू होऊन किती वेळ झाला. आपल्या रोजकीर्दीत रकमेपुढे तपशील लिहितात, तसेच हे. माझ्या कागदावर क्रमांक होता पी २४६३, म्हणजे धुराच्या गाळणीत काजळी दाटली. तपशील असा: वेग १८, पाण्याचे तापमान ५२ अंश, सुरू होऊन ६ मिनिटे. म्हणजे इंजिन पुरते तापलेलेही नव्हते.

उलगडा मग झाला. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या नियमांच्या डिझेल मोटारींत ही गाळणी असते. तीत साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. त्यासाठी संगणक जादा डिझेल सोडून धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो. हे काम पुरे होण्यास बऱ्या वेगाने पंधरा-वीस मिनिटे अखंड धाव हवी. माझी फेरी त्याआधीच संपे. इंजिन मध्येच बंद झाले की जाळणे अर्धवट राही, पुढल्या फेरीस पुन्हा आरंभ, पुन्हा जादा डिझेल. आणि न जळलेले डिझेल नळकांड्यांच्या भिंतींवरून उतरून तेलात मिसळे. तेल खरेच वाढत होते! डिझेल कोणी नेले नव्हते. माझ्याच दिनक्रमाने ते खाल्ले होते.

चालकास पेढीवर बोलावले. दोन्ही मुले व दिवाणजी होते. कागद त्याच्यापुढे ठेवून चूक माझी होती असे सांगितले, राहिलेले बक्षीस दिले. त्याने कागद वाचला नाही. "तेल वाढलं होतं, मालक," एवढेच म्हणाला.

पहिल्या कारखान्याने दिवा विझविला तेव्हा संकेतासोबत तो तपशीलही पुसला गेला होता. दोष पुन्हा उद्भवला म्हणून तो मिळाला. तेव्हा दिवा विझविण्यापूर्वी नोंद लिहून मागावी. जुनी गाडी घेतानाही ही वही उघडावी. संकेत नुकतेच पुसले असतील, तर संगणकाच्या कित्येक स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात; पाने फाडलेली चोपडी जशी ओळखू येते, तसेच ते.

हवेच्या पिशव्या उघडणाऱ्या यंत्रातही अनेक मोटारींत निराळी वही असते. अमेरिकेच्या २००६ सालच्या नियमाने अशा वहीत टक्करीपूर्वीच्या ५ सेकंदांतील वेग व ब्रेक यांची, तसेच चालकाचा पट्टा बांधलेला होता की नाही याची नोंद ठरविली. ती नोंद गाडीच्या मालकाची, असा कायदा तेथे २०१५ साली झाला. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. आपल्या गाडीत काय आहे ते तिच्या माहितीपुस्तकात पाहावे, आणि मोठ्या अपघातानंतर दावा मिटेपर्यंत ते यंत्र मोडीत जाऊ देऊ नये.

गोदामालगत गाडी ठेवणाऱ्यांस आणखी एक सूचना. उंदीर तारा कुरतडतात आणि मग नसलेले दोष वहीत उमटतात. विष घालणे आपणांस नको, आणि त्याची गरजही नाही. उजेडात, भुशापासून दूर गाडी उभी करावी, मधूनमधून झाकण उघडून पाहावे. भुशाची धूळ हवेच्या गाळणीतही बसते, ती नेमल्या मुदतीआधीच पाहावी लागते.

आता दर दुसऱ्या रविवारी गाडी महामार्गाने संकेश्वरपर्यंत जाऊन येते. पेठेतल्या फेऱ्यांसाठी नातवाची दुचाकी आहे. त्यावर मागे बसताना धोतर सांभाळावे लागते, एवढेच. चालकाजवळ एक लहान वही दिली आहे. तीत तारीख, किलोमीटर, डिझेल असे रकाने मी आखले होते. चौथा रकाना त्याने स्वतः आखला: तेल.