खाजेनें जागणारें मूल

लहान मुलांच्या दुखण्यांचे स्थूलमानानें दोन वर्ग करतां येतील. पहिल्या वर्गांतील दुखण्यांत ताप चढतो, घर घाबरून जातें, डॉक्टरांकडे धांवाधांव होते आणि चार दिवसांनीं मूल पुन्हां अंगणांत खेळूं लागतें. दुसऱ्या वर्गांतील दुखण्यांत मूल दिवसभर हसतें, खेळतें, जेवतें. आल्यागेल्यास तें आजारी आहे असें वाटतहि नाहीं. परंतु रात्रीं दिवे मालवले कीं त्याचा खरा आजार सुरू होतो. इसब हा या दुसऱ्या वर्गांतील विकार होय. त्यानें सहसा जीव जात नाहीं. झोंप मात्र जाते, आणि ती एकट्या मुलाची जात नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत मलमांच्या नांवांपेक्षां रात्रीच्या व्यवस्थेचा विचार अधिक करावयाचा आहे.

प्रथम नांवाविषयीं. चरकसंहितेंत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें. या अकरांत ‘विचर्चिका’ येते आणि कंडू म्हणजे खाज हें तिचें एक लक्षण सांगितलें आहे. विचर्चिका म्हणजेच इसब असें आजचे बहुतेक वैद्य मानतात. येथें ‘कुष्ठ’ शब्दावरून गैरसमज होण्याचा संभव आहे. प्राचीन ग्रंथांत तो शब्द अनेकविध त्वचाविकारांस व्यापक अर्थानें लावीत. ज्यास आज आपण कुष्ठरोग म्हणतों तेवढाच त्याचा अर्थ नव्हे. इसब एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. तेव्हां इसब असलेल्या मुलास पंगतींत दूर बसविणें किंवा चुलत भावंडांत खेळूं न देणें यास आजच्या शास्त्राचा कांहींच आधार नाहीं. पाश्चात्त्य वैद्यकांत या विकारास ‘अ‍ॅटोपिक डर्मटायटिस’ म्हणतात. हें नांव १९३३ सालीं वाइज व सुल्झबर्गर या अमेरिकन डॉक्टरांनीं रूढ केलें.

इसब आणि खरूज यांतील भेद मात्र घरच्या माणसांनीं अवश्य ओळखावा. कारण रात्रीची खाज दोहोंतहि असते. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळें होते व ती झपाट्यानें पसरते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेभोंवतीं पुरळ असेल आणि घरांतील आणखी एकदोन माणसें रात्रीं खाजवूं लागलीं असतील, तर ती बहुधा खरूज समजावी. तिच्यावर सगळ्या घरानें एकाच वेळीं उपचार केल्यावांचून ती जात नाहीं. इसब तान्ह्या मुलास गालांवर, कपाळावर व हातापायांच्या बाहेरील बाजूस दिसतें. मूल मोठें होऊं लागलें कीं कोपराच्या व गुडघ्याच्या लवणींत, मनगटांवर व मानेवर येतें. लंगोटाखालील जागा बहुधा कोरी राहते. शंका असल्यास घरीं तर्क करीत न बसतां डॉक्टरांस दाखवावें.

आतां ही खाज येते कोठून? निरोगी त्वचा आपला ओलावा आंत राखते व बाहेरील क्षोभक द्रव्यें बाहेर ठेवते. इसबाच्या मुलाची त्वचा नव्या माठाप्रमाणें पाझरते. ओलावा निघून जातो, ती कोरडी पडते व धूळ, घाम, साबण यांनीं लगेच चिडते. २००६ सालीं स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, यांतील कित्येक मुलांत ‘फिलॅग्रिन’ नांवाचें त्वचा घट्ट राखणारें प्रथिन जन्मतःच उणें असतें. म्हणजे आईनें गरोदरपणीं काय खाल्लें किंवा कोणाची दृष्ट लागली, याची चौकशी व्यर्थ आहे. शिवाय खाजविल्यानें त्वचा फाटते, फाटल्यानें दाह वाढतो आणि दाहानें पुन्हां खाज सुटते, असें हें चक्र आहे.

तें रात्रींच अधिक फिरतें, यासहि कारणें आहेत. निजण्याच्या सुमारास शरीर आंतील उष्णता त्वचेवाटें बाहेर टाकूं लागतें, त्यामुळें त्वचा तापते. त्वचेंतून ओलावाहि रात्रीं अधिक उडतो. दाह आवरणारें ‘कॉर्टिसॉल’ हें शरीराचें स्वतःचें द्रव्य मध्यरात्रीच्या सुमारास अगदीं कमी असतें. त्यांत पांघरुणाची ऊब, आणि मन गुंतविण्यास खेळ नाहीं कीं सोबती नाहीं. एवढें ध्यानांत आलें म्हणजे “खाजवूं नकोस म्हटलें ना!” असें म्हणून अर्धवट झोंपेंतल्या मुलाच्या हातावर चापट मारणें किती निरर्थक आहे, हें निराळें सांगावयास नको.

आपल्या सोलापूरची हवा या विकारास फारशी अनुकूल नाहीं. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो व घामानें अंग चुणचुणतें. आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते त्या जानेवारीच्या दिवसांत कोरड्या थंडीनें मोठ्यांचेहि ओंठ फुटतात. बोअरचें पाणी बहुधा जड असतें. त्यांत साबण लौकर फेसाळत नाहीं, म्हणून तो जास्त लावला जातो व त्याचा अंश कपड्यांत आणि अंगावर राहतो. भौगोलिक मानांकन लाभलेली आपली चादर व टॉवेल यांचा आपणांस योग्य अभिमान आहे. परंतु चादरीची जाड वीण अशा मुलाच्या अंगास थेट लागूं देऊं नये. मध्यें जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा मऊ पदर घालावा. टॉवेलानें अंग घासून पुसूं नये, हलक्या हातानें टिपून घ्यावें.

निजण्यापूर्वींचा क्रम असा ठेवावा. झोंपेच्या सुमारें तासभर आधीं मुलास कोमट पाण्यानें स्नान घालावें. पांच ते दहा मिनिटें पुरेत. कढत पाण्यानें क्षणभर बरें वाटतें, पण मागाहून खाज दुप्पट होते. सुगंधी साबण नको. डॉक्टरांनीं सुचविलेला सौम्य साबण मळलेल्या भागापुरताच लावावा. अंग टिपल्यावर तें ओलसर आहे तोंच स्निग्ध लेप सर्वांगास लावावा. साधें पेट्रोलियम जेली स्वस्त व चांगलें. खोबरेल तेलहि बऱ्याच मुलांस मानवतें. फिलिपाइन्समध्यें ११७ मुलांवर केलेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत शुद्ध खोबरेल तेल हें खनिज तेलापेक्षां सरस ठरलें. लेप लावण्यांत काटकसर करूं नये. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शिकेंत अशा मुलास आठवड्यास २५० ते ५०० ग्रॅम लेप लागतो असें म्हटलें आहे. आपल्याकडे एक लहानशी नळी महिनाभर पुरविली जाते आणि मग ‘गुण येत नाहीं’ अशी तक्रार होते. मात्र असा लेप मुरलेलें कापड चटकन पेट घेतें. म्हणून समई, निरांजन व दिवाळीच्या पणत्या यांपासून मुलास दूर ठेवावें.

कपडे सैल, सुती व धुवून मऊ झालेले असावेत. लोंकरीचा स्वेटर, जरीची कुंची किंवा कृत्रिम धाग्याचें झबलें थेट अंगावर नको. बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने फोटोपुरते घालून लगेच काढावेत. कोपर व घोटे यांपाशीं घासणारे वाळे, बिंदल्या, काळे दोरे इसब जाईपर्यंत काढून ठेवलेले बरे. नखें दर दोनतीन दिवसांनीं कापून कडा गुळगुळीत कराव्यात. अगदीं लहान मुलास बाह्यांचीं टोकें शिवलेलें सुती झबलें घालावें. हात बांधून ठेवूं नयेत. खोली गार असावी. कूलर असल्यास त्यांतील पाणी व गवताचे पडदे वारंवार स्वच्छ करावेत, नाहीं तर बुरशीचा वारा मुलाच्या अंगावर येतो.

उशापाशीं रात्रीं तीन वस्तू तयार असाव्यात: पाण्याचा लोटा, मऊ फडकें आणि लेपाची डबी. मूल जागें झालें म्हणजे मोठा दिवा लावूं नये व चौकशीची सरबत्तीहि करूं नये. ओलें फडकें पिळून खाजेच्या जागीं दोनचार मिनिटें ठेवावें, मग लेप लावावा आणि तळहातानें ती जागा हलकेच दाबून धरावी. तीनचार वर्षांच्या पुढील मुलास दिवसांच शिकवून ठेवावें कीं, खाज आली म्हणजे मूठ घट्ट मिटून तीस अंक मोजावयाचे आणि मग ती जागा नुसती दाबावयाची. मुलांस खेळ म्हणून हें आवडतें. ‘हें करूं नकोस’ यापेक्षां ‘हें कर’ असें सांगितलेलें मूल लौकर ऐकतें, हा शाळामास्तरांचा नेहमींचा अनुभव आहे. विकार फारच भडकला असेल तर लेपावर ओल्या व त्यावर कोरड्या सुती कापडाचा थर देण्याची पद्धत आहे. पण ती डॉक्टरांनीं सांगितल्यावरच करावी, आणि त्वचेंत पू असतां तर मुळींच करूं नये.

कांहीं घरगुती चालीरीतींविषयीं आजीबाईंस विनंती आहे. बाळंतघरांतील धुरी अशा मुलास देऊं नये. धुरानें त्वचा व श्वास दोन्ही बिघडतात. अभ्यंगाचें उटणें व डाळीच्या पिठाचें घासणें बंद ठेवावें. आपल्या भागांत शेंगदाण्याचें तेल हाताशीं असतें, पण तें इसबावर चोळूं नये. इंग्लंडांत केलेल्या व २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, ज्या मुलांच्या दाह झालेल्या त्वचेस शेंगदाणा तेल असलेलीं मलमें लागलीं होतीं, त्यांच्यांत पुढें शेंगदाणा न मानवण्याचें प्रमाण अधिक आढळलें. उलट, पोटांत गेलेला शेंगदाणा निराळा. लंडनमध्यें ६४० तान्ह्या मुलांवर केलेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत, तो लहानपणापासून खाऊं घातल्यानें ती अ‍ॅलर्जी पुष्कळच टळली. अर्थात् इसब तीव्र असेल तर आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि अख्खा दाणा लहान मुलास कधींच देऊं नये. तात्पर्य, इसब दिसलें कीं दूध बंद, केळें बंद, डाळ बंद, असा पथ्याचा सपाटा लावूं नये. फारच थोड्या मुलांचें इसब अन्नाशीं निगडित असतें. बाकीचीं पथ्यानें केवळ रोड होतात.

औषधाविषयीं दोन्ही टोकें टाळावीं. सुल्झबर्गर यांनींच विटन या सहकाऱ्यासह १९५२ सालीं हायड्रोकॉर्टिझोनचें मलम इसबावर गुणकारी असल्याचें दाखविलें, आणि आजहि स्टेरॉइड मलम हाच भडकलेल्या इसबावरील मुख्य उपाय आहे. डॉक्टरांनीं दिलेलें मलम, त्यांनीं सांगितले तितके दिवस, लाल झालेल्या जागीं लावण्यास भिऊं नये. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढें मलम त्याच्या दोन तळहातांएवढ्या जागेस पुरतें. परंतु दुकानदारानें दिलेलीं, स्टेरॉइड व बुरशीनाशक यांचीं मिश्र मलमें महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते व विकार चिघळतो. झोंपेचीं सरबतेंहि मनानें देऊं नयेत. तीं खाज घालवीत नाहींत, आणि त्यांतील प्रोमेथाझीनसारखें औषध दोन वर्षांखालील मुलाचा श्वास मंदावूं शकतें. येथील डॉ. वैशंपायन स्मृति शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत त्वचारोगाचे डॉक्टर भेटतात. जातांना, रात्रीं मूल किती वेळां उठलें व काय लावलें, याची आठ दिवसांची टांचणवही बरोबर न्यावी.

पुढील लक्षणें दिसल्यास मात्र त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा: त्वचेवर पिवळी खपली किंवा पू, ताप, अथवा दुखणाऱ्या लहान फोडांचे एकसारखे पुंजके. यांतील शेवटचें लक्षण नागिणीच्या जातीच्या विषाणूचें असूं शकतें व तें धोक्याचें असतें. म्हणून ज्याच्या ओंठावर पाण्याचे फोड आले आहेत अशा माणसानें मुलाचा पापा घेऊं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकत्र कुटुंबांत या मुलाची रात्र कोणाच्या वांट्यास येते? बहुतेक घरीं एकट्या आईच्या. रात्रीं चार वेळां उठलेली सून पहांटे चहाचें आधण ठेवते, डबे भरते, आणि दुपारीं तिचा डोळा लागला तर ‘हल्लींच्या मुलींना आळस फार’ असा शेरा ऐकते. महिनोन्महिने झोंप मोडलेल्या माणसाचा धीर सुटतो. तिच्या हातून औषधाची वेळ चुकते, आणि मुलावर हात उगारला जातो तो क्रूरपणानें नव्हे, थकव्यानें. एके काळीं गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या सोलापुरास ‘रातपाळी’ या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. एकाच माणसास बारा महिने रातपाळी लावणें गिरणींतहि कोणास न्याय्य वाटलें नसतें. मग तें घरांत कसें वाटावें?

तेव्हां घरच्या वडील माणसांनीं एकदां बसून पाळ्या ठरवाव्यात. आठवड्यांतील दोन रात्री मुलाच्या वडिलांनीं घ्याव्या. स्नान व लेप हें काम संध्याकाळीं आजोबांस सहज करतां येईल. आजीनें पहांटेची पाळी घ्यावी, कारण तिला जाग लौकर येतेच. अंगावर पिणारें मूल असेल तर आईस उठावें लागेल खरें, पण पाजून झाल्यावर मूल दुसऱ्यानें घ्यावें आणि सकाळचें काम तिच्याकडून काढून घ्यावें. लेप, ओलें फडकें व दाबण्याची रीत सर्वांनीं एकसारखी शिकून घेतली म्हणजे मूलहि कोणाकडेहि शांत राहतें. इसब असलेल्या बऱ्याच मुलांचा त्रास वय वाढतां वाढतां कमी होतो. परंतु त्यास कित्येकदां वर्षें लागतात. तेवढा काळ एकट्या माणसानें जागून निभत नाहीं. पाळ्यांचा कागद आज रात्रींच भिंतीवर लावावा आणि पहिलें नांव घरांतील कर्त्या पुरुषानें आपलें लिहावें.