घाईच्या हाताला लगाम

दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाचे एक इंजिन उड्डाणावेळी निकामी झाले, तरी उरलेल्या इंजिनावर ते वर चढू शकते. त्याची रचनाच तशी असते. मोठा धोका असतो तो गडबडीत चांगलेच इंजिन बंद करण्याचा.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानात हेच घडले. उजव्या इंजिनाची शक्ती गेली आणि कॅप्टनने डाव्या इंजिनाचा लिव्हर मागे ओढला. चूक उमगेपर्यंत उशीर झाला होता. विमान नदीत कोसळले. ५८ पैकी ४३ जणांचा मृत्यू झाला.

अशा वेळी नेमके काय करायचे, हे ठरलेले असते. धावपट्टीवर ठरावीक वेग ओलांडला की कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरून हात काढतो. आता थांबायचे नाही, उडायचेच. इंजिन बंद पडले तर विमानाचे नाक त्या बाजूला वळू लागते. ते सरळ ठेवण्यासाठी वैमानिक विरुद्ध बाजूचे रडर पेडल दाबतो. म्हणजे जो पाय मोकळा, त्या बाजूचे इंजिन बंद. पण एवढ्यावर विसंबायचे नसते. साधारणपणे किमान ४०० फूट उंची गाठेपर्यंत लिव्हरला हात लावायचा नाही. मग एकाने लिव्हरवर हात ठेवून इंजिनाचा क्रमांक उच्चारायचा, दुसऱ्याने तो तपासून दुजोरा द्यायचा आणि त्यानंतरच लिव्हर सावकाश मागे घ्यायचा. चुकीचा लिव्हर असेल, तर तो लगेच पुढे ढकलता येतो. इंधन तोडल्यावर मात्र इंजिन पुन्हा सुरू करण्यात मोलाचा वेळ जातो.

दुजोरा द्यायचा तोही यंत्रांवरचे आकडे पाहून. ८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला जाणाऱ्या बोइंग ७३७च्या डाव्या इंजिनाचे पाते तुटले. वैमानिकांनी उजव्या इंजिनाची शक्ती कमी केली आणि नेमका त्याच वेळी धूर व हादरे कमी झाले. निदान बरोबर ठरले, असे वाटून त्यांनी ते इंजिन बंद केले. उतरण्याच्या बेतात असताना डावे इंजिनही गेले. इंग्लंडमधील केगवर्थजवळच्या या अपघाताने ४७ बळी घेतले.

धोक्याच्या घंटा वाजू लागल्या की माणसाला काहीतरी करून मोकळे व्हावेसे वाटते. त्यामुळे सिम्युलेटरमध्ये वैमानिकांकडून पुन्हा पुन्हा घटवून घेतले जाते ते हेच : आधी विमान सांभाळा, मग इंजिन ओळखा आणि दोघांची खात्री पटल्याशिवाय लिव्हर हलवू नका.